पोड

पहाटे साडेपाच

नोव्हेंबर लागला की पांढरकवड्यात पहाटेचा गारवा थेट हाडात शिरतो. चहाचं आधण ठेवून मी टाचणवही उघडते. शनिवारी सातवीतल्या एका मुलाने विचारलेला प्रश्न तिथे पेन्सिलीने लिहून ठेवलाय. त्याच्या बाबांच्या मोबाइलवर गणपतीपुळ्याचा जुना व्हिडिओ फिरत फिरत आला होता. वाळूवर पडलेलं देवमाशाचं पिल्लू, आणि त्याच्या अंगावर पाणी ओतणारी माणसं. मुलगा म्हणाला, "मॅडम, मासोळी पान्याबाहेर मरते ते समजलं. पन देवमासा तं हवेतच श्वास घेते नं? मंग वाळूवर त्याले मराले काय झालं?"

मी त्याला सोमवारचा वायदा केला. पुस्तकात 'देवमासा सस्तन प्राणी आहे' एवढं एक वाक्य असतं. त्या वाक्याला धरून कुणी पुढे विचारलं, याचा आनंद मला रविवारभर पुरला.

ते पिल्लू १३ नोव्हेंबर २०२३ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, किनाऱ्याला लागलं. मी तेव्हा माहेरी दारव्ह्याला होते आणि फोन हातातून खाली ठेवत नव्हते. निळ्या देवमाशाचं पिल्लू असल्याचं बातम्यांत येत होतं. कित्येक टनांचा तो जीव. गावकरी, मच्छीमार, वनखात्याची माणसं, तटरक्षक दल, प्राण्यांचे डॉक्टर असे सगळे सुमारे चाळीस तास झटले. अंगावर ओली कापडं, सलाइन, शेवटी टगबोटीने ओढून खोल समुद्रात नेलं. पिल्लू गेलं, सुखरूप गेलं, ही बातमी भाऊबीजेला आली तेव्हा मी ती आईला मोठ्याने वाचून दाखवली. नंतर ते परत किनाऱ्याला आलं आणि मेलं. हे मात्र मी आईला सांगितलं नाही.

सकाळी पावणेदहा

डबा, पाण्याची बाटली, आणि आज पिशवीत चार जाड पॉलिथिनच्या पिशव्या. स्कुटी पुलावरून जाते तेव्हा खाली खुनी नदी असते. आमच्या गावाच्या नदीचं नावच ते. नाव का पडलं याच्या कथा घरोघरी वेगळ्या, पण लेकरं तिच्यात पोहतात, बाया धुणं धुतात, आणि कुणालाही त्या नावाची भीती वाटत नाही.

म्हणूनच, देवमाशांबरोबर आज वर्गात ज्याची गोष्ट निघणार आहे त्या ओर्काचं दुसरं नाव सांगायला मला ही नदी फार उपयोगी पडणार आहे. जुन्या खलाशांनी ओर्कांना मोठाले देवमासे मारताना पाहिलं आणि 'देवमासे मारणारा' म्हटलं. पुढे इंग्रजीत ते उलटून 'किलर व्हेल', म्हणजे खुनी देवमासा, झालं असं सांगतात. खरं तर तो डॉल्फिनच्या कुळातला, त्या कुळातला सगळ्यांत मोठा. नर सहा ते आठ मीटर लांब, क्वचित नऊच्याही पुढे. पाठीवरचा उभा पर माणसाच्या उंचीचा. आणि मोकळ्या समुद्रात ओर्काने माणूस मारल्याची एकही पक्की नोंद नाही.

खुनीचं पाणी पैनगंगेला, तिथून वर्धेला, मग प्राणहितेतून गोदावरीला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. आम्ही कोणत्याही समुद्रापासून पाचशे किलोमीटरच्या आसपास किंवा जास्तच लांब. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने समुद्र पाहिलेला नाही. पण शाळेच्या पन्हाळीचं पाणी जातं तिथेच.

साडेदहा

परिपाठ. प्रतिज्ञा झाली, दिनविशेष झाला, आणि मी ओळी मोजायला लागले. सातवीत सव्वीसपैकी सतरा. पऱ्हाटी पांढरी झाली की वर्ग रिकामे होतात, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. ज्या घरात चार हात आहेत ते चारही वावरात लागतात, लेकरांचे धरून. हजेरीच्या रकान्यात गैरहजर लिहिताना माझा हात दर वर्षी जड होतो. तिसऱ्या ओळीतली, कोलामांच्या वस्तीवरची मुलगी आज चौथ्या दिवशीही नाही. वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी आणि सगळ्यांत जास्त ऐकणारी.

साडेअकरा

विज्ञानाचा तास. खिचडीचा मोठा गंज स्वयंपाकवाल्या ताईंकडून मागून आणला, पाण्याने भरला. पॉलिथिनच्या पिशवीत पाणी भरून तोंड गच्च बांधलं आणि ती गंजात सोडली. पिशवी गोल, टम्म, कुठेही ताण नाही. मग प्रश्न विचारणाऱ्या मुलालाच ती उचलून फरशीवर ठेवायला सांगितली. पिशवी पसरली, चपटी झाली, आणि कोपऱ्यातल्या शिवणीतून पाणी झिरपू लागलं.

"दबली!" तो म्हणाला.

हेच. पाण्यात देवमाशाचं वजन पाणी तोलतं. त्याची हाडं, त्याच्या फासळ्या त्या आधारावर घडलेल्या. वाळूवर आला की त्याचा स्वतःचा देह त्याच्याच फुप्फुसांवर बसतो. हवा चहूकडे असते, पण छाती वर उचलायला बळ पुरत नाही. दुसरं म्हणजे चरबी. थंड पाण्यात ऊब राखणारा तो जाड थर उन्हात उलटा फिरतो. मे महिन्यात चार गोधड्या पांघरून वावरात झोपवलं तर काय होईल, असं विचारल्यावर सगळा वर्ग एकदम "आई वं!" म्हणाला. ओल्या चादरी आणि बादल्या त्यासाठी होत्या. तिसरं कारण मी थोडं हळू सांगितलं. दबलेले स्नायू मरू लागतात आणि त्यांतली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पाडतात. भूकंपाच्या ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं कधीकधी नंतर दगावतात, ती याच कारणाने. म्हणून किनाऱ्याला लागलेला जीव पाण्यात परत गेला म्हणजे वाचलाच, असं नसतं.

आणि पिल्लू असेल तर त्याला दूध लागतं. निळ्या देवमाशाचं पिल्लू दिवसाला दोनशे लिटरच्या आसपास दूध पितं. आई नसेल तर समुद्र कितीही मोठा असला तरी त्याच्या काय कामाचा?

मुलगा बराच वेळ त्या चपट्या पिशवीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंग तो हवेत श्वास घेनारा पान्यात गेलाच कायले?"

या प्रश्नाचं उत्तर आपल्या देशातल्या दगडांत आहे, हे सांगताना माझा आवाज चढलाच असेल. जम्मू-काश्मीरमध्ये कालाकोटला ए. रंगा राव या भूगर्भशास्त्रज्ञांनी गोळा केलेल्या दगडांतून एका लहानशा, खूर असलेल्या, चार पायांच्या प्राण्याची हाडं निघाली. इंडोहायस त्याचं नाव. २००७ मध्ये हान्स थेविसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की त्याच्या कानाचं हाड देवमाशांसारखं आहे. सुमारे चार कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वीचा हा जीव उथळ पाण्यात वावरायचा. कच्छच्या दगडांत त्याच्यापुढची पायरी सापडते, पाय असलेले देवमासे. त्या वेळी आपल्या शाळेखालचा हा काळा दगड थंड होऊन दीड कोटी वर्षांहून जास्त काळ लोटला होता. मुलांनी फरशीकडे पाहिलं. देवमाशाच्या परात आजही आपल्यासारखीच बोटांची हाडं असतात. एका मुलीने आपला पंजा डोळ्यांसमोर धरून बोटं जुळवली आणि पाण्यात हलवावा तसा हलवला.

दीड वाजता

खिचडी. आज मटकीची. मोबाइलवर ताटांचा आकडा भरायचा असतो, रेंज येत नाही, म्हणून मी शाळेच्या मागच्या टेकाडावर चढते. तिथून टिपेश्वरच्या जंगलाची निळसर रेघ दिसते. वाघाबद्दल इथे कुणाला शिकवावं लागत नाही. टिपेश्वरमधून २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घालून निघालेला तरुण वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत पोचला. सगळी भटकंती मिळून सुमारे तीन हजार किलोमीटर, तीही एकट्याने. पोरांना तो पाठ आहे. वाघाचं पिल्लू दोन वर्षांचं होत आलं की आईपासून तुटतं. मोठं होणं म्हणजे वेगळं होणं.

ओर्काचं याच्या नेमकं उलटं असतं. कॅनडा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सामन मासा खाऊन राहणारे ओर्का आहेत. मायकेल बिग या संशोधकाने १९७० च्या दशकात पाठीवरचा पर आणि त्यामागचा करडा डाग यांवरून एकेकाला ओळखायची पद्धत बसवली, तेव्हापासून त्यांची वंशावळच लिहिली गेली आहे. त्यांच्यात मुलगी आईला सोडत नाही आणि मुलगाही सोडत नाही. आठ मीटरचा बाप्या आयुष्यभर आईच्या कडेने पोहतो. जोडीला तो दुसऱ्या कुटुंबातल्या मादीकडे जातो आणि परत आईकडे येतो. आई गेल्यावरच्या वर्षात तिशी ओलांडलेल्या मुलाच्या मरणाचा धोका सुमारे चौदा पटींनी वाढतो, असं संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलं. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर जाऊन बसले होते.

एक गोष्ट मी वर्गात सांगणार नाही. २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावरच्या एका मादीचं पिल्लू जन्मल्यावर थोड्याच वेळात मेलं, आणि ती ते डोक्यावर तोलत सतरा दिवस पोहत राहिली. माझ्या वर्गात अशी लेकरं आहेत ज्यांच्या घरातून या काही वर्षांत माणूस गेलंय. आपल्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी येतं ते त्यांनाही ठाऊक आहे. ती सतरा दिवसांची गोष्ट त्यांना मोठं झाल्यावर कुठेतरी भेटेल.

अडीच वाजता

आता दुसरा अर्धा प्रश्न. मुळात किनाऱ्याला येतातच का?

मी सगळ्यांना शाळेच्या विहिरीवर नेलं. वर लोखंडी जाळी आहे. एकेकाने वाकून "होऽऽ" म्हणायचं. विहीर परत "होऽऽ" म्हणते. मग तूर उभ्या असलेल्या वावराकडे तोंड करून तीच हाक. काही येत नाही. दात असलेले देवमासे आणि डॉल्फिन असेच आवाज टाकून, परत आलेल्या आवाजावरून वाट ओळखतात. कडा असेल, खडक असेल तर आवाज परततो. हळूहळू उतरत गेलेला वाळूचा किनारा वावरासारखा असतो. आवाज धड परत येतच नाही. न्यूझीलंडच्या फेअरवेल स्पिटला अशीच उथळ वाळू आहे. तिथे फेब्रुवारी २०१७ मध्ये चारशेहून जास्त पायलट व्हेल लागले, ओहोटीने पाणी मागे गेलं आणि ते अडकले.

गणपतीपुळ्याच्या पिल्लाचं मात्र हे कारण नव्हे. निळा देवमासा दात नसलेल्या गटातला, तोंडातल्या गाळणीने बारीक झिंगे गाळून खाणारा. तो असे आवाज टाकून वाट काढत नाही. अशा एकट्या जिवाच्या मागे बहुधा आजार, जहाजाची धडक, जाळ्यात गुरफटणं किंवा आईपासून चुकणं असतं. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला जिवंत आलेला निळा देवमासा असाच मेला. फेब्रुवारी २०१६ मध्ये दाभोळजवळ मात्र मच्छीमारांनी आणि वनखात्याने एकाला परत खोल पाण्यात घातलं. दोन्ही मी सांगितलं, कारण नुसती मरणाचीच गोष्ट ऐकून लेकरांनी घरी जाऊ नये.

माणसाचाही हात असतो. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर सतरा जीव किनाऱ्याला लागले. अमेरिकी नौदलाच्या सोनारचा आवाज त्याला कारणीभूत होता, हे नंतर तपासात मान्य झालं. काहींच्या कानांजवळ रक्तस्राव सापडला. आवाजावर जगणाऱ्याच्या घरात एवढा आवाज करणं हा अन्यायच आहे, आणि तो मी मुलांसमोर अन्यायच म्हणून सांगितला.

"आणि सगळेच्या सगळे एकदम कसे येते?" मागून कुणीतरी विचारलं.

तमिळनाडूत मनपाडच्या किनाऱ्यावर जानेवारी २०१६ मध्ये ऐंशीच्या वर पायलट व्हेल आले. तिथेच जवळपास १९७३ मध्येही असाच मोठा कळप लागला होता. गावकऱ्यांनी एकेकाला ओढून पाण्यात सोडलं आणि त्यांतले कितीतरी उलटे फिरून परत वाळूकडे आले. कारण बाकीचे तिथे होते. एकजण आजारी पडतो, भरकटतो, वाळूला लागतो, हाक मारतो. ती हाक ऐकून निघून जाणं त्यांना जमत नाही.

वर्गात कुणी काही बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "मंग ओर्का बी असाच मरत असन."

कधीकधी. पण अर्जेंटिनात पुंता नॉर्तेला काही ओर्का मुद्दाम किनाऱ्यावर येतात. लाटेवर स्वार होऊन वाळूपर्यंत येतात, समुद्रसिंहाचं पिल्लू तोंडात धरतात आणि अंग वळवळत पुढच्या लाटेबरोबर परत जातात. जे इतरांचं मरण, तीच यांची शिकार. ही विद्या जन्मतः येत नाही. मोठ्या माद्या लहानांना बरोबर नेतात, लहानं बघतात, चुकतात, शिकतात. दुसऱ्या समुद्रांतल्या बहुतेक ओर्कांना हे येत नाही. वेगवेगळ्या गटांचं खाणं वेगळं, शिकारीची रीत वेगळी आणि कुटुंबाकुटुंबाची बोलीही वेगळी.

"बोली?"

इथे मला कालच्या रविवारी सापडलेली गोष्ट सांगायची होती. "त्यांच्या अशा कुटुंबाला इंग्रजीत पॉड म्हणतात," मी म्हणाले आणि फळ्यावर लिहिलं.

पहिल्या बाकावरचा कोलामाचा मुलगा ताडकन उभा राहिला. "मॅडम, पोड! आमचं पोड!"

खरंच की. कोलामांच्या वस्तीला या जिल्ह्यात पोडच म्हणतात. दोन शब्दांचं एकमेकांशी नातं नाही, योगायोग आहे, हे मी सांगितलं. पण त्यानंतर वर्गात कुणी पॉड म्हणालं नाही. सगळे ओर्काचं पोड म्हणू लागले, आणि मीही.

माझ्या या सतरा मुलांच्या घरांत वऱ्हाडी, कोलामी, गोंडी आणि गोरमाटी बोलतात. म्हणून पुढची गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नाही. २००२ मध्ये सिएटलजवळ ओर्काचं एक दीड-दोन वर्षांचं पोर एकटंच भटकताना सापडलं. आजारी, हडकलेलं. ते कुणाचं, हे संशोधकांनी त्याच्या बोलीवरून ओळखलं. त्या हाका शेकडो किलोमीटर उत्तरेकडच्या एका कुटुंबाच्या होत्या. त्याला बरं केलं, त्या जुलैत कॅनडातल्या त्याच्या पाण्यात नेऊन सोडलं. त्याचे नातेवाईक आले. पोर त्यांच्यात गेलं. ती मादी होती. पुढे २०१३ मध्ये तिलाही पिल्लू झालं.

"बोली होती म्हनून घरी गेलं," तो कोलामाचा मुलगा म्हणाला. शाळेत कोलामी बोलताना तो नेहमी आवाज बारीक करतो.

सव्वापाच

घंटा झाली. मी पांढरकवड्याकडे न वळता पोडाच्या कच्च्या वाटेला लागले. अंधाराआधी परत डांबरीवर यायला हवं. या दिवसांत संध्याकाळी एकटं कुणी फिरत नाही.

चार दिवस न आलेली ती मुलगी अंगणात होती, पोत्यात कापूस दाबत. मला पाहून उभी राहिली, हात मागे लपवले. बोंडांच्या टोकांनी बोटं चिरली होती. आजी बाजेवर बसलेली. मुलीचे आईबाबा अजून वावरात होते. आजीला मराठी कळते पण तिला बोलायला कोलामी आवडते, म्हणून मधे मुलगी.

मी ओरडायला आले नव्हते. आज वर्गात काय झालं ते सांगितलं: पिशवी, विहीर, पोड. मुलगी एकेक वाक्य आजीला देत गेली. ओर्काची मादी चाळिशीच्या आसपास पिल्लं देणं थांबवते आणि त्यानंतरही कित्येक वर्षं जगते, काही ऐंशीच्याही पुढे. प्राण्यांत हे फार दुर्मीळ. ज्या वर्षी सामन कमी होतो त्या वर्षी म्हाताऱ्या माद्या जास्त पुढे राहतात, कारण अशा वर्षी मासा कुठे असतो हे त्यांनाच आठवतं. आजी मेली तर पुढच्या दोन वर्षांत नातवंडाच्या मरणाचा धोका साडेचार पट होतो.

आजी ऐकत होती. मग तिने नाल्याकडे हात केला आणि बरंच काही बोलली. मुलगी हसली. "म्हणते, बहात्तरच्या दुष्काळात मी दहा-बारा वर्साची होतो. सगळ्या विहिरी आटल्या होत्या. माह्या आजीनं त्या वळनावर रेतीत झिरा खोदाले लावला. अख्खं पोड त्याच्यावर जगलं. म्हणते, ते जागा अजून मलेच माहीत हाय."

"तुला दाखवली का?" मी विचारलं.

मुलीने मान हलवली. नाही. आजीने ते उत्तर समजून घेतलं आणि काहीतरी छोटंसं म्हणाली, ते मुलीने मला सांगितलं नाही.

वेचणी अजून दोन दिवसांची राहिली आहे. गुरुवारी पाठवते, असं आजीने या वेळी स्वतः मराठीत सांगितलं. मी विज्ञानाची वही मुलीच्या हातात दिली, टाचणातली पानंही फाडून दिली.

सहा वाजून गेले

अंधार उतरला होता. पोडापासून डांबरीपर्यंतची वाट दगडांची, स्कुटी ढकलतच न्यावी लागते. मी नको नको म्हणत असताना आजी काठी घेऊन उठली. ती पुढे, तिच्या मागे बॅटरी घेऊन नात, तिच्या मागे मी. आजी थोड्या थोड्या वेळाने काठी दगडावर आपटायची आणि घशातून एक लांब आवाज काढायची. जनावराला कळावं म्हणून, मुलगी म्हणाली.

डांबरी आली. मी स्कुटी चालू केली, पण निघाले नाही. त्या दोघी पोचेपर्यंत थांबायचं ठरवलं. बॅटरीचा ठिपका नाल्याच्या वळणाशी गेला आणि थांबला. बराच वेळ तिथेच होता, खाली रेतीवर फिरत. मग आजीने पोडाच्या दिशेने हाक दिली. क्षणभर काही नाही. मग तिकडून दोन आवाज आले, एक बाईचा, एक पुरुषाचा, आणि ठिपका पुन्हा चालू लागला.